कॅम्पचं बोलावणं आणि कोचचं बोलावणं

प्रश्न: नमस्कार. आम्ही शिकागोजवळ नेपरविलला राहतो. माझी मुलगी दहावीत आहे, तिचं हायस्कूल २०२८ मध्ये संपेल. ती सेकंड बेस खेळते, गरज पडली तर शॉर्टस्टॉप (दोन्ही मैदानाच्या मधल्या फळीतल्या क्षेत्ररक्षणाच्या जागा). १६यू (सोळा वर्षांखालच्या) वयोगटाच्या ट्रॅव्हल टीममध्ये, म्हणजे शाळेबाहेरच्या, गावोगावी स्पर्धा खेळणाऱ्या टीममध्ये आहे. जीपीए (गुणांची सरासरी) ३.९ आहे, बायोमेडिकल इंजिनिअरिंग करायचं म्हणते, आणि कॉलेजातही सॉफ्टबॉल खेळायचंच म्हणते. गेले काही महिने तिला सारखी कॅम्पची आमंत्रणं येत आहेत. त्यातल्या तीन आमंत्रणांवर आम्ही अडलो आहोत. एक मोठ्या डिव्हिजन वन (कॉलेज खेळांच्या तीन स्तरांतला सगळ्यात वरचा) स्टेट युनिव्हर्सिटीचा ‘एलिट प्रॉस्पेक्ट कॅम्प’, जुलैत, १९५ डॉलर. दुसरा दोन-तीन तासांवरच्या एका डिव्हिजन थ्री कॉलेजचा, ऑगस्टमध्ये, १४० डॉलर. तिथल्या असिस्टंट कोचनं ईमेलमध्ये तिचा जर्सी नंबर आणि एका मॅचमधला तिचा डबल प्ले (एकाच बॉलवर दोघी बाद) लिहिला होता. तिसरा फ्लोरिडातला तीन दिवसांचा शोकेस, म्हणजे अनेक कॉलेजांच्या कोचना एकत्र खेळ दाखवायचा कार्यक्रम, चाळीस कॉलेजांचे कोच येणार म्हणतात. फी ८९० डॉलर, विमान-हॉटेल वेगळं. माझे यजमान म्हणतात, हे सगळे पैसे उकळायचे धंदे आहेत. टीममधले पालक म्हणतात, कॅम्पला गेल्याशिवाय मुलीकडे कुणी बघत नाही. त्यात जुलैत नाशिकला सासऱ्यांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. ते सोडून मुलीसाठी इथंच थांबायचं का? आणि कॅम्पला गेलोच, तर आम्ही आईवडिलांनी कोचशी बोलायचं की नाही?
— एक आई, नेपरविल

ताई, नमस्कार.

आधी निर्णय सांगते, कारणं मागून. डिव्हिजन थ्रीच्या त्या कॉलेजच्या कॅम्पला लेकीला नक्की न्या. स्टेट युनिव्हर्सिटीचा जुलैचा कॅम्प या वर्षी सोडा. फ्लोरिडाचे पैसे आत्ता भरू नका. ते भरायचे की नाहीत हे लेकीच्या ईमेलना पुढच्या काही आठवड्यांत काय उत्तरं येतात त्यावर ठरेल. आणि नाशिकला सगळ्यांनी जा.

तुमचे यजमान आणि टीममधले पालक या दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघंही एक गोष्ट गृहीत धरून बोलतात: कॅम्प म्हणजे मुलगी कोचला ‘दिसण्याची’ जागा. माझं मत वेगळं आहे. शंभर अनोळखी मुलींमधून कोचनं एकीला हेरलं, असं कॅम्पात क्वचित घडतं. जिचं नाव कोचच्या वहीत आधीच आहे, तिला जवळून, तीन-चार तास, आपल्या मैदानावर बघायला कोच कॅम्प वापरतात. म्हणजे ओळख आधी आणि कॅम्प नंतर. हा क्रम पाळला तर १४० डॉलर सार्थकी लागतात. उलटा केला तर ८९० डॉलरमध्ये एक टी-शर्ट आणि थकलेली मुलगी घरी येते.

आता त्या आमंत्रणांविषयी. डिव्हिजन वन सॉफ्टबॉलचा कोच अकरावीच्या वर्षातल्या १ सप्टेंबरपर्यंत कुठल्याही मुलीशी भरतीविषयी बोलू शकत नाही. फोन नाही, मेसेज नाही, ईमेल नाही. तुमच्या लेकीसाठी ही तारीख १ सप्टेंबर २०२६. एनसीएएनं, म्हणजे कॉलेज खेळांचे नियम ठरवणाऱ्या संस्थेनं, सॉफ्टबॉलसाठी हा नियम २०१८ मध्ये आणला, कारण त्याआधी आठवी-नववीतल्या मुली कॉलेजांना तोंडी शब्द देऊन बसत होत्या. पण या बंदीतून कॅम्पची माहिती वगळलेली आहे. ती कोच कुणालाही, कितीही लहान मुलीला पाठवू शकतो. म्हणून दहावीतल्या मुलीच्या इनबॉक्समध्ये येतात ती बहुतेक सगळी पत्रं कॅम्पचीच असतात. ज्या मुलीवर कोचचा खरोखर डोळा आहे तिलाही तेच पत्र जातं, आणि जिचा ईमेल पत्ता एखाद्या स्पर्धेच्या नोंदणीतून मिळाला तिलाही तेच.

दुसरा नियमही माहीत असू द्या. डिव्हिजन वन कॉलेजला आपला कॅम्प सगळ्यांना खुला ठेवावा लागतो. मुलींची संख्या, वय, इयत्ता, मुलगा की मुलगी, एवढ्याच मर्यादा घालता येतात. म्हणजे ‘एलिट’ हा शब्द कॅम्पच्या नावात असला तरी जागा असेपर्यंत फी भरणारी कुठलीही मुलगी त्यात येऊ शकते. आणि भरतीच्या यादीतल्या मुलीला फीत सवलत देण्याचीही कोचला परवानगी नाही. त्या पत्रात ‘तुझा खेळ आम्हाला आवडला’ अशा धर्तीचं वाक्य असलं, तरी त्यात लेकीचा जर्सी नंबर, तिची जागा, एखादी मॅच यांचा उल्लेख आहे का ते बघा. नसेल तर ते पत्र छापील समजा. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. कॅम्पच्या उत्पन्नातून बऱ्याच असिस्टंट कोचेसच्या तुटपुंज्या पगाराला हातभार लागतो, आणि त्या दिवशी मुलींना शिकायलाही मिळतं. फक्त त्याला निवड समजू नका.

म्हणून जुलैचा तो कॅम्प मी नको म्हणते. समजा लेक तिथं गेली आणि सुंदर खेळली. तरी तिथला कोच तिला भरतीविषयी एक शब्द बोलू शकणार नाही. ती घरी येईल ती काहीही उत्तर न घेता. त्याऐवजी तिला त्या कॉलेजला आत्ता ईमेल करू दे, उन्हाळ्यात टीमबरोबर खेळू दे, आणि १ सप्टेंबरची वाट बघू दे. डिव्हिजन वनच्या कोचला मुलगी खरोखर हवी असते तेव्हा तो दिवस उजाडताच फोन खणखणतो. काहींचा मध्यरात्री बाराच्या ठोक्याला. फोन आला, तर त्याच कॉलेजचा ऑक्टोबरमधला कॅम्प डोळे झाकून भरा. नाही आला, तर १९५ डॉलर आणि गाडीचं पेट्रोल वाचलं.

डिव्हिजन वनबद्दल एक कटू गोष्ट आत्ताच सांगितलेली बरी. तिथल्या जागा आता आणखी अवघड झाल्या आहेत. एनसीएएविरुद्धच्या खटल्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनंतर, जी कॉलेजं त्यात सामील झाली त्यांच्या सॉफ्टबॉल टीमवर २५ खेळाडूंची मर्यादा आली. शिष्यवृत्त्यांवरची जुनी १२ ची मर्यादा त्या कॉलेजांपुरती उठली, पण २५ च्या पुढे नवी मुलगी घेता येत नाही, मग ती स्वखर्चानं शिकत असली तरीही. त्यातच ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, आहे. २०२४ मध्ये निजारी कॅनडी ही पिचर स्टॅनफर्ड सोडून टेक्सास टेकला गेली, तिथं तिला नाव-प्रतिमा वापरू देण्याबद्दल मिळालेला करार दहा लाख डॉलरच्या वरचा होता, आणि पुढच्याच वर्षी टेक्सास टेक ओक्लाहोमा सिटीला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलं. वरच्या पायरीवरचे कोच हे बघतात. सतरा वर्षांच्या मुलीला दोन वर्षं तयार करण्यापेक्षा विशीतली, कॉलेजात खेळून तावून-सुलाखून निघालेली मुलगी आणणं त्यांना सोपं वाटतं. तुमची लेक तिथवर पोहोचणार नाही असं मी म्हणत नाही, मी तिला खेळताना पाहिलेलं नाही. ते सांगू शकणारा माणूस म्हणजे तिचा ट्रॅव्हल टीमचा कोच. त्याला लेकीसमोर, आडपडदा न ठेवता विचारा: ही आज कोणत्या पातळीवरची खेळाडू आहे? उत्तर ऐकताना चेहरा पडू देऊ नका, म्हणजे तो खरं बोलेल.

तिला इंजिनिअरिंग करायचं आहे, गुण उत्तम आहेत, आणि तुम्ही राहता त्या भागात तिच्यासाठी किती दारं आहेत हे मला तुमच्या पत्रात कुठंच दिसलं नाही. तुमच्या नेपरविलमध्येच नॉर्थ सेंट्रल कॉलेज आहे. ब्लूमिंग्टनला इलिनॉय वेस्लियन आहे. इंजिनिअरिंगसाठी नावाजलेलं रोझ-हलमन इंडियानात टेरे होटला आहे, मिलवॉकी स्कूल ऑफ इंजिनिअरिंग तर जवळच आहे. युनिव्हर्सिटी ऑफ शिकागो आणि सेंट लुईसची वॉशिंग्टन युनिव्हर्सिटी ही दोन्ही मोठी नावं सॉफ्टबॉल डिव्हिजन थ्रीतच खेळतात. पूर्वेकडे एमआयटी आणि टफ्ट्स, दक्षिणेकडे एमरी, हीसुद्धा डिव्हिजन थ्रीच. टफ्ट्सनं २०१३ ते २०१५ सलग तीन वर्षं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. डिव्हिजन वनमध्ये सॉफ्टबॉलच्या तीनशेच्या आसपास टीम आहेत, डिव्हिजन थ्रीमध्ये चारशेहून जास्त. (हा खेळ १८८७ मध्ये जन्मला तोही शिकागोतच, फॅरागट बोट क्लबच्या दालनात. तुम्ही सॉफ्टबॉलच्या माहेरी राहता.)

डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. एक डॉलरही नाही. हे ऐकून बाबांच्या कपाळावर आठी पडेल, म्हणून पुढचंही त्यांना वाचून दाखवा. बरीच खासगी कॉलेजं अभ्यासातल्या गुणांवर किंवा घरच्या उत्पन्नाकडे बघून फी कमी करतात, आणि ३.९ जीपीएच्या मुलीला ही सवलत कधी कधी मधल्या फळीतल्या डिव्हिजन वन शिष्यवृत्तीहून मोठी ठरते. कारण ती शिष्यवृत्ती बहुतेक वेळा अर्धी-पाव असते. बारा शिष्यवृत्त्या वीस-बावीस मुलींत वाटायच्या, हीच तिथली वर्षानुवर्षांची रीत होती, आणि त्या तडजोडीत सामील न झालेल्या कॉलेजांत बाराची मर्यादा अजूनही आहे. शिवाय डिव्हिजन थ्रीच्या कोचला १ सप्टेंबरचं बंधन नाही. तो तुमच्या लेकीशी आजही बोलू शकतो. त्यांच्या असिस्टंटनं तिचा डबल प्ले आठवणीनं लिहिला, याला म्हणून एवढी किंमत आहे. तिनं न मागता कुणीतरी तिला बघितलं, नाव टिपलं, आणि वेळ काढून लिहिलं. जुलैच्या ‘एलिट’ पत्रापेक्षा हे चार ओळींचं ईमेल मोठं आहे.

आता जरा बाबांशी बोलते. आपली पिढी महाराष्ट्रात वाढली ती खेळाकडे प्रमाणपत्रातून बघत. जिल्हा, विभाग, राज्य. मग दहावी-बारावीला वाढीव गुण, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा. कागद हातात आला की त्याचं मोल ठरलेलं असायचं. त्यामुळे शोकेसची ‘ऑल स्टार’ पाटी, तिथलं रँकिंग, गळ्यातलं पदक बघून आपल्याला वाटतं की याचा प्रवेशाला उपयोग होईल. इथं तो होत नाही. प्रवेश समिती त्या पाटीकडे ढुंकूनही बघत नाही. उपयोग होतो तो एकाच गोष्टीचा: कोचनं प्रवेश कार्यालयात जाऊन ‘ही मुलगी मला हवी आहे’ म्हणणं. डिव्हिजन थ्रीच्या बऱ्याच चांगल्या कॉलेजांत अकरावी संपल्यावरच्या उन्हाळ्यात कोच मुलीची गुणपत्रिका प्रवेश कार्यालयाला दाखवून आधीच अंदाज घेतात. त्याला तिथं प्री-रीड म्हणतात. तेव्हा तिचे दहावी-अकरावीचे गुण आणि तिनं घेतलेले अवघड विषय हेच बोलतात. म्हणून बाबांना सांगा, अभ्यास की सॉफ्टबॉल असं भांडण इथं नाही. एका बी ग्रेडमुळे जेवढी दारं बंद होतील, तेवढी चार कॅम्प चुकवून होणार नाहीत.

आता फ्लोरिडा. चाळीस कॉलेजांची ती यादी नीट वाचा. ‘येणार आहेत’ असं लिहिलंय की ‘यापूर्वी आले होते’? खूपदा दुसरं असतं. ‘या वर्षी नक्की कोण येणार, आणि त्या कॉलेजातून मुख्य कोच येणार की कोण?’ असं आयोजकांना ईमेलवर विचारा. एकूण मुली किती, त्यांत सेकंड बेस आणि शॉर्टस्टॉपच्या किती, मुली मॅच खेळणार की नुसती मोजमापं होणार, आणि रद्द केलं तर पैसे कधीपर्यंत परत मिळतात, हेही विचारा. उत्तर टाळलं गेलं, तर तेच उत्तर समजा. यादी मिळाली की लेकीला बसवा आणि तिला त्यातली अशी कॉलेजं निवडू दे, जिथं सॉफ्टबॉल नसता तरी ती आनंदानं गेली असती. समजा आठ निघाली. त्या आठ कोचेसना तिनं ईमेल करायचं: मी या शोकेसचा विचार करते आहे, तुम्ही येणार आहात का, तुम्हाला २०२८ च्या तुकडीत मिडल इन्फिल्डर (सेकंड बेस किंवा शॉर्टस्टॉप) हवी आहे का. त्यातल्या तिघा-चौघांनी नाव घेऊन उत्तर दिलं, तर ८९० डॉलर योग्य आहेत, कारण एरवी तिघांच्या कॅम्पसवर जायला याहून जास्त खर्च आला असता. एकही उत्तर आलं नाही, तर त्या गर्दीत ती पाठीवर नंबर लावलेली आणखी एक मुलगी असेल. मग तेच पैसे बॅटिंगच्या शिकवणीला द्या.

ही ईमेल तिनं लिहायची. तुम्ही नाही, बाबांनी नाही. कोचेसना आईच्या ईमेलचा वास लगेच येतो. नाव, कुठल्या वर्षी हायस्कूल संपतं, जागा, उजव्या हातानं फेकते का आणि कुठल्या बाजूनं बॅटिंग करते, टीमचं नाव, जर्सी नंबर, जीपीए, काय शिकायचं आहे, आणि ‘तुमचंच कॉलेज का’ याचं एक खरंखुरं वाक्य. खाली दोन-तीन मिनिटांच्या व्हिडिओची लिंक. व्हिडिओत संगीत नको, स्लो मोशन नको. सुरुवातीलाच तिनं उचललेले उत्तम ग्राउंडर (जमिनीलगत येणारे बॉल) दाखवा: समोरचा, बॅकहँडवरचा, पळत जाऊन उचललेला, आणि तिथून पहिल्या बेसवरची फेक दिसेल असा कॅमेरा लावा. डबल प्लेचं पाऊल नक्की घाला, सेकंड बेसच्या मुलीचं तेच दाखवायचं असतं. आणि स्पर्धेच्या तीन-चार दिवस आधी पुन्हा दोन ओळी: कुठल्या दिवशी, किती वाजता, कितव्या मैदानावर खेळते आहे. बॅकस्टॉपमागे (बॅटरच्या पाठीमागच्या जाळीमागे) घडीची खुर्ची टाकून बसलेले कोच हातातल्या कागदावर खुणा करून आलेले असतात. त्या खुणा याच ईमेलनी होतात.

आलेली उत्तरंही वाचायला शिका. ‘आमच्या कॅम्पला ये’ एवढंच असेल तर ते अजून छापील आहे. ‘तुझी गुणपत्रिका पाठव’, ‘जुलैत कुठं खेळतेस?’, ‘बुधवारी फोनवर बोलूया का?’ असं असेल तर ते माणसानं लिहिलंय. डिव्हिजन वनच्या कोचकडून मात्र १ सप्टेंबरआधी काहीच आलं नाही तर लेकीनं मनाला लावून घेऊ नये. त्यांना बोलायची मुभाच नाही.

ऑगस्टच्या कॅम्पचा दिवस कसा असेल तेही सांगते. आधी नाव नोंदवून नंबर पाठीवर, मग वॉर्मअप. खेळायला सुरुवात कॅम्प सुरू झाल्यावर होते असं मुलींना वाटतं, पण कोच बघायला लागतात ते वॉर्मअपच्या फेकाफेकीपासून: समोरच्या मुलीच्या छातीवर बॉल जातो का, की गप्पा मारत कसाही जातो. मग होम प्लेटपासून (बॅटर उभी राहते ती जागा) पहिल्या बेसपर्यंतचे साठ फूट घड्याळावर, रडार गनवर फेकीचा वेग, टीवर (बॉल ठेवायच्या खांबावर) ठेवून मारलेल्या बॉलचा वेग. हे आकडे घाबरवतात, पण मिडल इन्फिल्डरच्या बाबतीत अनुभवी कोच आकड्यांवर थांबत नाही. बॅट फिरायच्या आधी तिचं पाऊल कुठं पडतं, वाईट उसळलेल्या बॉलपुढं ती अंग चोरते का, चूक झाल्यावर पुढच्याच बॉलला तिचा चेहरा कसा असतो, हे तो बघतो. मैदानावर बोलते का, हेही. आपल्या घरांतल्या मुली पुष्कळदा मोठ्यांसमोर आवाज चढवत नाहीत. लेक तशी असेल तर तिला आत्तापासून सवय करू दे, कारण सेकंड बेसवरून गप्प राहणारी मुलगी कोचला घाबरलेली वाटते. कोचनं काही बदलायला सांगितलं, पाय थोडा मागं घे, हात खाली ठेव, तर लगेच करून बघायचं, मग ते जमो वा न जमो. ‘आमचे कोच असं सांगत नाहीत’ हे वाक्य तिथं कधीही उच्चारायचं नाही.

आणि बघायला तीही गेलेली आहे, हे तिला सांगा. माझ्या ओळखीतली एक मुलगी अशाच एका कॅम्पला मोठ्या हौसेनं गेली होती. तिथल्या कोचनं तिचं कौतुक केलं, पण स्वतःच्या टीममधल्या मदतीला आलेल्या मुलींशी तो ज्या तोऱ्यात बोलत होता ते तिनं दिवसभर ऐकलं. गाडीत बसल्यावर म्हणाली, इथं नाही यायचं मला. आईवडिलांना फी वाया गेली असं वाटलं. मला वाटतं ते त्या वर्षातले सगळ्यात चांगले खर्च झालेले पैसे होते. तुमच्या लेकीनं त्या कॉलेजच्या मुलींना एकटं गाठून एवढं विचारावं: टीममध्ये इंजिनिअरिंगच्या किती जणी आहेत? दुपारची लॅब आणि प्रॅक्टिस एकाच वेळी आली तर काय होतं? सीझन फेब्रुवारी ते मे, त्यात परीक्षा कशा सांभाळता? बायोमेडिकलच्या मुलीसाठी हे प्रश्न फेकीच्या वेगापेक्षा महत्त्वाचे आहेत. टीममध्ये एकही इंजिनिअरिंगची मुलगी नसेल, तर तिथले कोच ‘आम्ही सांभाळून घेऊ’ म्हणाले तरी जपून राहा.

हिवाळ्यात आणखी आमंत्रणं येतील. आपल्याकडच्या थंडीमुळे जानेवारी-फेब्रुवारीतले कॅम्प बंद हॉलमध्ये होतात. तिथं बॅटिंग आणि हात दिसतो, पण इन्फिल्डरची मातीवरची चाल दिसत नाही. कॉलेज जवळचं असेल, कोच ओळखीचा झाला असेल, तर जा. लांबचा असेल तर वसंतानंतर बघू म्हणा.

आता नाशिक. कॅम्पसाठी सहस्रचंद्रदर्शन सोडायचा प्रश्नच येत नाही. कॅम्प दर महिन्याला कुठं ना कुठं असतात. खरी अडचण टीमच्या जुलैतल्या स्पर्धांची आहे, कारण अकरावीच्या आधीच्या उन्हाळ्यात कोच तिला बघणार ते तिथं. म्हणून तारखांचा क्रम असा लावा: आधी समारंभाची तारीख पक्की करून घ्या, मग टीमच्या कोचला आजच सांगा की या आठवड्यात ती नसेल, आणि मग तिकिटं काढा. तिला आणि एका पालकाला बारा-चौदा दिवसांत परत यायला सांगा, दुसऱ्यानं नाशिकला राहायचं तर राहावं. महिने आधी कळवलं तर कोच समजून घेतात. तिकीट काढून झाल्यावर कळवलं तर रागावतात, आणि ते साहजिक आहे. ग्लव्ह बरोबर न्यायला सांगा. नाशिकला भिंतीवर बॉल मारून घ्यायला जागा मिळेल.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न. कॅम्पला गेल्यावर तुम्ही आणि बाबांनी लांब बसायचं. पाण्याची बाटली द्यायला कुंपणापाशी जायचं नाही, मराठीतून ‘खाली वाक, खाली वाक’ असं सांगायचं नाही. शब्द कळले नाहीत तरी आई सूचना देते आहे हे कोचला कळतं. कोच आपणहून तुमच्याकडे आले तर हसून बोला, आणि पैशांचा विषय त्या दिवशी काढू नका. तो हक्कानं काढायचा, पण कोचनं ‘तू आम्हाला हवी आहेस’ असं स्पष्ट म्हटल्यावर. कॅम्प संपला की बॅग तिनं उचलायची, कोचना जाऊन ‘थँक यू’ तिनं म्हणायचं, आणि दुसऱ्या दिवशी त्या दिवसातली एखादी नेमकी गोष्ट आठवून दोन ओळींचं ईमेल तिनं लिहायचं. मग दहा-बारा दिवस थांबा. उत्तरात पुढचं पाऊल असेल, फोन, गुणपत्रिका, कॅम्पस बघायचं बोलावणं, तर या कॉलेजचा विचार पुढं न्या. नुसतं ‘आल्याबद्दल धन्यवाद, पुढच्या कॅम्पला भेटू’ असेल, तर तिला एकदा सरळ विचारू दे: माझ्या जागेसाठी तुम्ही २०२८ मध्ये कुणाला घेणार आहात का? डिव्हिजन थ्रीचे कोच या प्रश्नाला बहुधा खरं उत्तर देतात. ते आल्याशिवाय दुसऱ्यांदा फी भरू नका.